ओट्यापासून वाचलेला नकाशा : पुण्यातील घरांची आखणी आणि स्वयंपाकघराचे स्थान

प्रास्ताविक

मराठी समीक्षेत घराचा विचार पुष्कळ झालेला आहे. कादंबरीतील वाडा, नाटकातील पडझड झालेले घर, आत्मचरित्रातील माहेर आणि सासर यांविषयी विपुल लेखन उपलब्ध आहे. परंतु हा विचार बहुधा प्रतीकाच्या पातळीवरच राहतो. घर ज्या रेषांनी आखले जाते तो नकाशा मात्र अभियंत्याचा किंवा वास्तुरचनाकाराचा विषय समजून आपण बाजूला ठेवतो. प्रस्तुत लेखात घराचा नकाशा ही एक संहिता मानून तिचे वाचन करावयाचे आहे. पुणे शहरातील वाडा, भाडेकरूंची दोन खोल्यांची बिऱ्हाडे, गृहनिर्माण संस्थांमधील सदनिका आणि अलीकडील उंच इमारती हा त्या वाचनाचा मर्यादित पट आहे.

कोणतीही संहिता कोठून वाचावयास आरंभ करावा, हा प्रश्न गौण नसतो. बांधकाम व्यावसायिकांच्या माहितीपत्रकातील नकाशा मुख्य दरवाजापासून वाचला जावा अशी अपेक्षा असते. दरवाजातून दिवाणखाना, तेथून भोजनाची जागा, मग शयनगृहे आणि त्यांना जोडलेली गच्ची, असा तो क्रम असतो. हे पाहुण्याचे वाचन आहे. घरात काम करणाऱ्या व्यक्तीचे वाचन ओट्यापासून सुरू होते आणि तेथून आरंभ केला असता तोच नकाशा वेगळा अर्थ सांगू लागतो. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुण्याच्या घरातील स्वयंपाकघर मागून पुढे आले, ही घटना सर्वसाधारणपणे प्रगती म्हणून सांगितली जाते. ती अंशतः खरी आहे. परंतु स्वयंपाकघर पुढे येत असताना त्याच्या मागे असलेली कामाची जागा नकाशातून क्रमाक्रमाने नाहीशी झाली, आणि काम मात्र तेवढेच राहिले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वाडा : सोवळ्याची भूमिती

वाड्याची रचना पुणेकर वाचकाला सांगण्याची फारशी गरज नाही. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, त्याभोवती ओसरी व सोपा, आत माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली आणि सर्वांत मागे परसू, आड किंवा हौद. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने शहरात पाणी आणले गेले आणि त्यावर अनेक हौद चालू लागले. त्यामुळे पेठांतील मोठ्या घरांच्या मागील भागाला पाण्याचे एक निश्चित स्थान मिळाले. मोठ्या वाड्यांत चौक एकाहून अधिक असत आणि मागचा चौक हा प्रामुख्याने कामाचा असे. विश्रामबागवाडा १८०७ साली पूर्ण झाला. त्याच्या दर्शनी भागातील काष्ठशिल्पाविषयी आपण भरभरून लिहितो. मागच्या चौकांतून रोज किती घागरी पाणी वाहिले जात असेल, याविषयी लिहीत नाही. वाड्याविषयीचे बरेचसे स्मरणरंजन ओसरीवर बसून केलेले आहे, हे यासंदर्भात नमूद करणे आवश्यक वाटते.

पुढून मागे जाताना वाड्यात केवळ खोल्या बदलत नाहीत, तर शुद्धाशुद्धतेची पायरी बदलते. ओसरीपर्यंत कोण, माजघरापर्यंत कोण, आणि चुलीपर्यंत कोण, हे ठरलेले असे. पाळीच्या दिवसांत घरातील स्त्रीलाही स्वतःच्याच स्वयंपाकघराची सीमा ओलांडता येत नसे. सोवळ्याचा हा कायदा भिंतींच्या रूपाने उभा होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याचे जे चित्रण आहे, ते विनोदी म्हणून वाचण्याची आपल्याला सवय झाली आहे. वस्तू धुण्याच्या त्या अट्टाहासाचा भार पाणी वाहणाऱ्या आणि धुणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर पडत होता, या दृष्टीने तो मजकूर पुन्हा वाचण्यासारखा आहे. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही त्यांच्या इंग्रजी शिक्षणाला घरातील ज्येष्ठ स्त्रियांनी केलेला विरोध येतो. तो विरोध व्यक्तींचा होता, तसाच तो घराच्या एका भागाने दुसऱ्या भागाला केलेलाही होता, असे म्हणता येईल. १८९० मधील पंचहौद मिशनचे चहा प्रकरण आणि त्यानंतरचा प्रायश्चित्ताचा वाद पाहिला, तर कोणी कोठे काय प्राशन केले हा प्रश्न त्या काळच्या पुण्यात किती सार्वजनिक होता हे ध्यानात येते. अशा समाजात स्वयंपाकघर घराच्या पोटात आणि पाहुण्याच्या नजरेआड असणे अपरिहार्य होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाडा हा पुण्यातील एका वर्गाचा आणि मुख्यतः उच्चवर्णीयांचा इतिहास आहे. शहरातील कष्टकरी वस्त्यांमध्ये चूल खोलीच्या कोपऱ्यात किंवा दाराबाहेर असे आणि त्या चुलीचा नकाशा कोणी काढून ठेवलेला नाही. वाड्यातही परसदाराने भांडी घासणारी बाई येई, ती परसातच थांबे. मागचे दार हे तिच्या प्रवेशाचे दार होते, आणि तिच्या प्रवेशाची मर्यादाही तेथेच होती.

हे सर्व मान्य करूनही वाड्यातील स्वयंपाकघराबाबत एक गोष्ट नोंदवावी लागते. ते अंधारे होते, धुराने काळवंडलेले होते, पण एकटे नव्हते. साठवणीला कोठी होती, धुण्याला परसू होते, वाळवणाला अंगण किंवा माळा होता, निवडण-टिपणाला माजघराची जमीन होती. स्वयंपाक ही एकच क्रिया नसून साठवणे, निवडणे, दळणे-कुटणे, शिजवणे, वाढणे, घासणे, वाळवणे आणि उष्टे-खरकटे बाहेर काढणे अशा क्रियांची ती मालिका आहे, हे त्या आखणीला ठाऊक होते. राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयातील भांडी, विळ्या आणि स्वयंपाकाची इतर साधने पाहताना याची प्रचिती येते. त्यांतील कितीतरी वस्तू वापरण्यासाठी माणसाला जमिनीवर ऐसपैस बसावे लागते आणि ती जागा वस्तूबरोबर संग्रहालयात आणता येत नाही.

दोन खोल्यांचे बिऱ्हाड

वाडे पुढे भाडेकरूंमध्ये विभागले गेले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाडी गोठली, दुरुस्त्या थांबल्या, आणि एकेका वाड्यात अनेक बिऱ्हाडे दोन-दोन खोल्यांत राहू लागली. पुढची खोली आणि मागची खोली, मागच्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात शेगडी किंवा घासलेटचा स्टो, तिसऱ्यात देव. या बिऱ्हाडांत सोवळ्याची जुनी उतरंड पाळणे जागेअभावीच अशक्य झाले. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे पुरतेपणी साधले नाही ते काही अंशी दोन खोल्यांनी साधले, असे विधान धाडसाचे वाटेल. परंतु ते तपासून पाहण्याजोगे आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे गेली. पूरग्रस्तांसाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांची चळवळही या काळात पसरली. पेठेतून बाहेर पडणे या एका पिढीच्या बाबतीत पाण्याने ठरवले. १९६३ च्या सदनिका मालकीविषयक कायद्याने बांधकाम व्यावसायिकावर मंजूर नकाशे खरेदीदाराला दाखवण्याचे आणि त्याच्या संमतीविना त्यांत बदल न करण्याचे बंधन घातले. म्हणजे सामान्य मध्यमवर्गीय माणसाच्या हातात घराचा नकाशा कायद्यान्वये प्रथमच आला. तो वाचावा कसा, हे मात्र त्याला कोणी शिकवले नाही.

उभा ओटा आणि त्याची मापे

या सर्व स्थित्यंतरात सर्वांत मोठा बदल कोणता, असे विचारल्यास प्रस्तुत लेखिका उभ्या ओट्याचे नाव घेईल. चुलीपुढे बसणारी स्त्री उभी राहिली. धूर गेला, गॅस आला, वाकून फुंकणे संपले. या बदलाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले. त्यातील वाटी-चमच्याची मापे ही, माझ्या मते, या नव्या स्वयंपाकघराची भाषा आहे. अंदाज सांगायला सासू किंवा आत्या जवळ नाही, स्वयंपाक करणारी एकटी आहे, तिला निश्चित माप हवे आहे.

मात्र ओटा उभा राहिला तो कोणाच्या मापाने? लाटताना खांद्यातून खाली जोर द्यावा लागतो, म्हणून पोळपाटाची पातळी कोपराच्या बरीच खाली असणे सोयीचे. भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी जातो, म्हणून सिंक वर असणे सोयीचे. आपल्याकडे काळ्या कडप्प्याचा किंवा ग्रॅनाइटचा एकच सलग ओटा एकाच उंचीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत जातो. पोळ्या, चिरणे, घासणे ही सर्व कामे त्या एका उंचीवर करावयाची. उंची गवंड्याच्या सवयीने ठरते. भाकरी थापणाऱ्या कितीतरी स्त्रिया आजही जमिनीवर परात घेऊन बसतात. त्यांना आपण जुन्या वळणाच्या म्हणतो. वस्तुतः तो ओट्याच्या उंचीवरचा अभिप्राय आहे.

या संदर्भात १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने आखलेल्या फ्रँकफर्ट येथील स्वयंपाकघराचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब असे ते स्वयंपाकघर कामगार-मध्यमवर्गाच्या वसाहतींत सुमारे दहा हजार घरांत बसवले गेले. आगगाडीच्या भोजन-डब्यातील स्वयंपाकघर हा तिच्यासमोरचा नमुना होता. कामकरी स्त्रीची पावले मोजून तिने प्रत्येक वस्तूची जागा ठरवली, आणि त्यात बसून काम करण्यासाठी एक स्टूलही ठेवले. पुढे १९७० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी याच आखणीवर टीका केली, की तिने स्त्रीला एका लहान खोलीत एकटे पाडले. ही टीका रास्त आहे. तथापि, आपल्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या नकाशात काम करणारे एक शरीर गृहीत धरलेले होते. आपल्याकडे त्या परंपरेतून लांबी-रुंदी तेवढी आली, स्टूल आले नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार भोजनाची वेगळी जागा असल्यास स्वयंपाकघराचे किमान क्षेत्र ५.० चौरस मीटर आणि किमान रुंदी १.८ मीटर असावी. स्वयंपाक आणि भोजन एकत्र असल्यास हे आकडे ७.५ चौरस मीटर व २.१ मीटर होतात. आता १.८ मीटर रुंदीतून सुमारे ६० सेंटिमीटरचा ओटा वजा करावा. उरलेल्या १.२ मीटरमध्ये समोरच्या भिंतीशी शीतकपाट उभे करावे. मधे उरते ती जागा जेमतेम एका व्यक्तीची. शीतकपाटाचे दार उघडले की तीही बंद. हे किमान प्रमाण आहे, आदर्श नव्हे, असे उत्तर दिले जाते. परंतु व्यवहारात किमान प्रमाण हे पुष्कळदा कमाल होऊन बसते. दोन व्यक्तींनी मिळून स्वयंपाक करावा, असे आपण मुलांना मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगतो. ते शक्य होऊ नये अशी तरतूद नकाशात आधीच झालेली असते.

मोकळे स्वयंपाकघर

बाणेर, बालेवाडी, खराडी, वाकड या भागांतील नव्या इमारतींच्या माहितीपत्रकांत आता भिंत नसलेले स्वयंपाकघर दिसते. दिवाणखान्यातून ओटा दिसतो. त्याचे समर्थन स्त्रीमुक्तीच्या परिभाषेत केले जाते : स्वयंपाक करणारी व्यक्ती एकाकी राहत नाही, संभाषणात सहभागी होते. यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचा येथे हेतू नाही. लहान मुलावर लक्ष ठेवून भाजी परतता येणे ही सोय, ज्याने ती वापरली आहे त्यालाच कळते. पण ज्या ओट्यावर रोज फोडणी होते आणि रोज पंधरा-वीस भांडी पडतात तो ओटा पाहुण्यासमोर ठेवावयाचा असेल, तर तो सतत आवरलेला ठेवण्याचे एक नवे काम निर्माण होते. वाड्यात स्वयंपाकघर लपलेले होते; येथे स्वयंपाकघर दिसते आणि कष्ट लपवावे लागतात.

ते लपवण्याची जागा म्हणजे 'ड्राय बाल्कनी'. नकाशावाचकाने या शब्दापाशी थोडे थांबावे. घरातील सर्वांत ओली जागा हिला कोरडी म्हटले जाते. धुण्याचे यंत्र, भांडी घासण्याची मोरी, केरसुणी, बादल्या, दोरीवरचे कपडे, सिलिंडर, हे सर्व येथे. परसू, मोरी आणि कोठी यांचे हे एकत्रित उर्वरित रूप आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची जी व्याख्या केली तीत आतील भिंती धरल्या जातात, पण खासगी बाल्कनी व गच्ची वगळली जाते. त्यामुळे ही जागाही सामान्यतः करारनाम्यात चटई क्षेत्राबाहेर, वेगळ्या रकान्यात दाखवली जाते. खरेदीदाराची फसवणूक टाळण्यासाठी ती व्याख्या योग्यच आहे. परंतु स्वयंपाकाच्या कामाचा अर्धा भाग घराच्या मुख्य मोजमापाच्या बाहेर पडतो, हा तिचा अनपेक्षित अर्थ समीक्षकाने टिपावयास हवा.

वास्तुशास्त्राच्या आग्रहाचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. स्वयंपाकघर आग्नेयेस असावे, हा संकेत सुट्या घरासाठी एका मर्यादेत समजण्यासारखा आहे. पुण्यात उन्हाळ्यात व पावसाळ्यात वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो. चूल पूर्वेच्या अंगाला असली की धूर घरात न पसरता बाहेर जातो, शिवाय सकाळचे ऊन मिळते. मात्र उंच इमारतीत एका सदनिकेचा नकाशा आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटून शेजारची सदनिका तयार करतात. एकीचे स्वयंपाकघर आग्नेयेस असेल तर तिच्या प्रतिबिंबातील स्वयंपाकघर नैर्ऋत्येस किंवा ईशान्येस जाणार, हे साध्या भूमितीने ठरलेले आहे. मग सर्व सदनिका 'वास्तूनुसार' असल्याचे सांगण्यासाठी शेगडी कोपऱ्यातून कोपऱ्यात ढकलली जाते, क्वचित खिडकीसमोर आणली जाते आणि वाऱ्याने ज्योत विझते. दिशेविषयी इतका काटेकोर असलेला खरेदीदार ओट्याच्या उंचीविषयी एकही प्रश्न विचारत नाही, हे आपल्या नकाशावाचनाचे वैगुण्य होय.

नकाशात नसलेली व्यक्ती

मोकळ्या स्वयंपाकघराच्या घरात घरकाम करणारी स्त्री मुख्य दरवाजाने येते. मागचे दार उरलेले नाही. हा बदल समतेचा म्हणावा काय? १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. पगार, सुट्टी, सन्मान या मागण्या सार्वजनिक चर्चेत आल्या. नकाशाने मात्र या चर्चेची दखल घेतलेली नाही. तिने चप्पल कोठे काढावी, पिशवी कोठे ठेवावी, दोन घोट चहा कोठे बसून प्यावा, आणि चार घरची कामे करताना स्वच्छतागृह कोणते वापरावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दोन किंवा तीन शयनगृहांच्या नकाशात सापडत नाही. प्रत्येक शयनगृहाला जोडलेले स्नानगृह ही सोय घरच्यांसाठी वाढली; तिच्यासाठी घरात सामाईक असे स्वच्छतागृहच बहुधा उरले नाही. वाड्याच्या आखणीने तिला परसात अडवले होते. नव्या आखणीने तिला आत घेतले, पण उभेच ठेवले.

कचऱ्याचे उदाहरणही असेच बोलके आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा व्हावा, हे या व्यवस्थेचे अधिष्ठान आहे. तरीही नव्या सदनिकेच्या नकाशात दोन कचरापेट्यांची जागा आखलेली पाहण्यात आलेली नाही. त्या सिंकखालच्या कपाटात, नळाच्या वळणाशेजारी, एकीवर एक ठेवल्या जातात. घाईत दोन्हींतील जिन्नस एकाच पेटीत जातो, आणि तो वेगळा करण्याचे काम पुन्हा वेचक स्त्रीच्या हातांवर येते. आखणीतील दोन फुटांची उणीव अशा रीतीने तीन मजले उतरून दुसऱ्याच्या अंगावर पडते.

आता स्वयंपाकच कमी झाला आहे, पोळ्या बाहेरून येतात, तेव्हा या चर्चेला अर्थ काय, असा आक्षेप संभवतो. पोळ्या बाहेरून येतात म्हणजे त्या दुसऱ्या एखाद्या स्त्रीच्या ओट्यावरून येतात, आणि तो ओटा बहुधा याहून अरुंद असतो. शिवाय सणवार, आजारपण, बाळंतपण आणि वृद्धांची पथ्ये यांसाठी घरचा ओटा लागतोच. वाड्यात यांपैकी बाळंतपणाला निदान एक खोली होती.

महाविद्यालयीन पातळीवर या विषयात काही करता येण्यासारखे आहे. पुण्यातील वास्तुरचना महाविद्यालयांचे विद्यार्थी जुन्या वाड्यांची मोजमाप-रेखाटने करतात. त्या रेखाटनांत खांबांची नक्षी असते, पाणी कोणी कोठून कोठे नेले याची रेषा नसते. ती रेषा काढणे कठीण नाही. तसेच गृहविज्ञान, समाजशास्त्र आणि मराठी या विभागांनी मिळून प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक साधा प्रकल्प द्यावा. प्रत्येकाने, मुलगा असो वा मुलगी, स्वतःच्या घरातील ओट्याची उंची मोजावी, तेथे सर्वाधिक वेळ उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपराची उंची मोजावी, शीतकपाटाचे दार उघडे असताना मागे किती सेंटिमीटर उरतात ते पाहावे, आणि त्या घरात कामाला येणारी स्त्री कोठे बसते ते तिलाच विचारून नकाशावर फुलीने दाखवावे. अशा शंभर-दोनशे नकाशांचा संग्रह एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा झाला, तर पुढील अभ्यासकाला माहितीपत्रकांवर विसंबून राहावे लागणार नाही.